धरा हं, जोडते

गोदाक्कांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत. म्हणजे राहायची, पण त्या नावांना किंमत द्यायच्या नाहीत. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे त्याच्या टेबलावरच्या फोनचा नंबर. चेअरमन अकरा, एमडी बारा, शेतकी खातं एकवीस, वजनकाटा चौतीस. मी साखर कारखान्यात रुजू झालो त्या दिवशी माझ्या टेबलावर सत्तावीस नंबरचा फोन बसला आणि त्या घडीपासून मी सत्तावीस झालो. कॅन्टीनमध्ये चार लोकांत हाक यायची, "ओ सत्तावीस, च्या गार व्हायलाय की!" मी पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेला. जन्म पाटोद्याचा, पण आता आपण पाटोद्याचे उरलो नाही अशी माझी पक्की समजूत. मला राग यायचा. लई राग यायचा.

गोदाक्का कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. सिरसाळ्याला नवऱ्याचं किराणा दुकान, तिथून रोज एसटीनं यायच्या. बुटक्या, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, आणि चष्म्याची एक काडी पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली. ती काडी मी पाहिली तेव्हापासून तशीच. "दोरा सोडून काडी बसवा की," असं कुणी म्हटलं तर म्हणायच्या, "दोरा तुटला की बसवू." वीस वर्षं त्यांनी फोन जोडायचा बोर्ड सांभाळला. कारखान्यात कुणीही फोन केला की आधी कारखान्याचं नाव ऐकू यायचं नाही, आधी "धरा हं, जोडते" यायचं. मग पलीकडच्यानं आपण कोण ते सांगायचं. आणि ऐकताना त्या डोळे मिटायच्या. समोर साक्षात चेअरमन उभे राहिले तरी डोळे उघडायच्या नाहीत.

एकदा दक्षिणेतून एक इंजिनिअर बॉयलरच्या दुरुस्तीला यायचा होता. त्याला मराठीचा गंध नाही आणि आमच्या फोरमनला मराठीशिवाय दुसरं काही येत नाही. अक्कांचं माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, त्यामुळं कानडी घरची. ट्रंक ऑपरेटरांशी वर्षानुवर्षं बोलून दखनीही तयार. इंग्रजी फोनपुरती. त्या मधे बसून इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं सांगायच्या. फोरमन तापट. "त्या भाड्याला सांगा, आमी काय इथं झक मारायलोत का!" असं तो ओरडायचा, आणि अक्का डोळे मिटून पलीकडे गोड आवाजात सांगायच्या की साहेब म्हणतात, जरा लवकर यायचं बघा. बॉयलर वेळेत दुरुस्त झाला. त्या इंजिनिअरला आमचा फोरमन फार सभ्य माणूस वाटला. जाताना त्यानं त्याला मुद्दाम मिठी मारली.

मग दिवस पालटले. गावोगाव पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उघडले, रंगीत टीव्ही आले, आणि आमच्या कारखान्यात नंबर फिरवला की आपोआप जोडून देणारं एक्स्चेंज आलं. बुटाच्या खोक्याएवढी पेटी, भिंतीला लावलेली. अक्कांच्या बोर्डावर कुणीतरी जुनी चादर टाकली. नोकरीची चार वर्षं उरलेली, करायचं काय बाईचं? एमडींनी त्यांना माझ्या खोलीत पाठवलं. "तात्पुरतं ठेवा. हंगाम सुरू झाला की बारदान्याच्या गोदामात पाठवू." बारदाना म्हणजे साखरेची रिकामी पोती. त्या गोदामात दिवसभर तागाचा भुगा उडतो, आणि अक्कांना दम्याचा त्रास होता. एमडींना हे ठाऊक नव्हतं असं नाही.

आता माझं दुखणं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात तीन ठिकाणी कॉम्प्युटर होते आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नव्हतं. शेतकी खात्यात जुना युनिक्सवर चालणारा. त्यात कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या तारखेला ऊस लावला त्याची नोंद. वजनकाट्यावर डॉसवाला. आणि हापिसात नवे कोरे विंडोजवाले. एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नव्हती. त्यामुळं रोज सकाळी शेतकी खात्यात लागणीच्या तारखेप्रमाणं तोडणीची यादी कागदावर छापायची आणि ती काट्यावर नेऊन पुन्हा हातानं टाइप करायची. शेतकीपासून काटा दीडशे पावलांवर. पण तेवढं अंतर कापायला यादीला तीन तास लागायचे, कारण ती शेतकी अधिकारी बापूसाहेबांच्या खिशातून जायची. वाटेत कॅन्टीन, वाटेत गेस्ट हाऊस, वाटेत भेटणारे पाहुणे. निघताना जो एकशे दहावा असायचा तो पोचेपर्यंत नववा झालेला. ज्याला कुणी नाही त्याचा ऊस रानात उभा राहून त्याला तुरे यायचे, आणि तुरा आला की ऊस आतून वाळतो. मागच्या सभेत यावरून खुर्च्या उडाल्या होत्या. म्हणून चेअरमननी मला बोलावलं.

"हे तीन डबे जोडा. यादी तिकडून निघंल ती थेट काट्यावर उतरली पायजे. दसऱ्याला बॉयलर पेटवायचाय, त्या दिवशी मला चालू दाखवा. जमलं तर जमलं. न्हाईतर बापूसाहेबाचा खिसा हायच."

मी दोन महिने डोकं आपटलं. डॉसला युनिक्सची भाषा शिकवू पाहिली, युनिक्सला विंडोजची. एक जुळलं की दुसरं तुटायचं. अक्का कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाती वळत माझ्या शिव्या ऐकायच्या. एक दिवस मी कीबोर्ड आपटला तशा म्हणाल्या, "सत्तावीस, एक इचारू का? तुमी तिघांनाबी एकमेकाची भाषा कावून शिकवायलेत?"

"मग काय करू?" मी खेकसलो.

"फोरमनला मी कानडी शिकवत बसले असते तर बॉयलर आजून थंडच असता. मधी एक बोर्ड ठिवा. ज्याला तिघांचंबी कळतंय आसा. ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत त्याच्याशी बोलावं."

मी हसलो. म्हटलं, अक्का, हे फोन नाही. आणि जेवायला गेलो. जेवता जेवता घास हातातच राहिला. एका मासिकाबरोबर लिनक्सची फुकट सीडी आली होती, ती माझ्या ड्रॉवरमध्ये तशीच पडून होती. हापिसातला एक टाकून दिलेला कॉम्प्युटर होता. त्यावर ते बसवलं, तर ते विंडोजला विंडोजसारखं दिसायचं, युनिक्सशी युनिक्ससारखं बोलायचं आणि डॉसलाही ओळख द्यायचं. पुण्याच्या डिप्लोम्याला जे दोन महिने सुचलं नाही ते वाती वळणाऱ्या बाईला सुचलं होतं. ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. आता सांगतो.

त्या दिवसापासून अक्का स्टूल सोडून माझ्या शेजारच्या खुर्चीवर आल्या. प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यावा लागतो, मी एक-दोन-तीन असे लावायला लागलो तर त्यांनी हात धरला. "शिव शिव! काट्याला तीन? काटा चौतीस हाय." शेवटी तेच केलं. काटा चौतीस, शेतकी एकवीस, चेअरमनचं यंत्र अकरा. मधल्या यंत्राला काय नंबर द्यायचा? बोर्डाला नंबर नसतो, असं त्यांचं म्हणणं. मी एक दिला आणि नाव दिलं 'अक्का'. त्यांनी ते पडद्यावर वाचलं, आणि त्या दिवशी मला डब्यातली शेंगापोळी आग्रह करकरून खाऊ घातली.

केबल कुठून न्यायची हेही त्यांनीच सांगितलं. फोनच्या तारांचा जुना पाइप बाभळीखालून काट्यापर्यंत गेलेला होता, तो त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. त्यांनी एक शंभर पानी वही केली आणि मी टाइप करायचो ते सगळं त्यात देवनागरीत उतरवलं. यंत्र जिवंत आहे का ते तपासायचा एक हुकूम असतो, पिंग. तो त्यांना फार आवडला. त्या त्याला 'हाक मारणं' म्हणायच्या. रोज सकाळी आल्या आल्या देवाचं नाव घ्यायच्या आणि एकेकाला हाक मारायच्या. हाक मारायच्या आधी डोळे मिटायच्या. ऐकू तर काहीच यायचं नसतं, पण मिटायच्या. पडद्यावर उत्तर आलं की, "एकवीस जिता हाय. चौतीस जिता हाय."

नवरात्र बसलं तोवर सगळं सुरळीत झालं होतं. बापूसाहेब दारात येऊन बघून जायचे. "चालंल का हे, बे?" असं मला विचारायचे, आणि विचारताना त्यांचा हात खिशावर असायचा.

दसऱ्याच्या सकाळी अक्कांनी हाक मारली आणि कुणीच ओ दिली नाही. एकवीस नाही, चौतीस नाही, अकरा नाही. सगळी यंत्रं चालू, पण एकाला एक ओळखेना. बॉयलर अकरा वाजता पेटणार होता आणि त्याच्याआधी चेअरमन संचालकांना घेऊन काट्यावर यादी उतरताना बघायला येणार होते. मी मधलं यंत्र तीनदा बंद-चालू केलं. घामानं शर्ट भिजला. बापूसाहेब नव्या टोपीत काट्यावर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या खिशात घडी केलेली यादी होती. मी अक्कांना म्हटलं, "मेलो. आता तुम्ही बारदान्यात आणि मी पाटोद्यात."

अक्का उठल्या. "लाईन मेली की घोळ टोकाला आसतो. टोकं बघितली का?"

आमचं जाळं एकाच लांब केबलचं होतं. केबल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जायची आणि दोन्ही टोकांना अंगठ्याच्या पेराएवढी पितळी-चंदेरी टोपी लावलेली असायची. ती टोपी निघाली की सगळं जाळं मुकं होतं. मला हे ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला ठाऊक असलेलं कधी आठवत नाही. अक्का मला घेऊन काट्यावर गेल्या, यंत्राच्या मागं वाकल्या. टोपी नव्हती. शेतकीत जाऊन बघून आल्या. तिथंही नव्हती.

मी बापूसाहेबांकडे बघितलं. खरं सांगतो, त्यांची गचांडी धरायला हात शिवशिवत होते. अक्का मात्र काट्यावरच्या शिपायाकडे वळल्या. दगडूमामा, धुवट धोतर नेसून, कपाळभर गुलाल लावून उभे होते.

"मामा, काल खांडेनवमीची पूजा कुठं मांडलीती?"

"इथंच की, काट्याच्या खोलीत." मामांचा चेहरा उजळला. "लई झकास मांडलीती. समद्या हत्यारांची केली. पाना, कोयता, वजनं... आन् तुमच्या कॉम्प्युटरच्या त्या दोन टोप्याबी. लई मळल्या व्हत्या. चिचंनं घासून लख्ख केल्या. शेतकीतली मुद्दाम जाऊन आणलीती."

खोलीत पाटावर झेंडूची रास होती. अक्कांनी फुलं बाजूला केली. दोन्ही टोप्या तिथं होत्या, सोन्यासारख्या घासलेल्या, आणि आत हळदी-कुंकू भरलेलं. त्यांनी पदरानं पुसल्या, आत फुंकर मारली, पाटाला नमस्कार केला आणि त्यातली एक माझ्या हातात ठेवली. "पळा, एकवीसला लावा. मी चौतीसला लावते." दगडूमामा गोंधळून बघत होते. "मामा, लई चांगली पूजा केली तुमी," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली त्यांना जागेवरच कुंकू लावा. त्यांचं आसन तिथंच हाय." मामांना आपलं काही चुकलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना कुणी कळू दिलं नाही.

चेअरमन आले. अक्कांनी डोळे मिटले, हाक मारली. एकवीस, चौतीस, अकरा, तिघांनीही ओ दिली. मग शेतकीत बटण दाबलं आणि काट्यावरच्या छपाई यंत्रानं करकर करत यादी सोडायला सुरुवात केली. एकशे दहावा माणूस एकशे दहावाच उतरला. चेअरमन म्हणाले, "हिची एक प्रत रोज बाहेर भिंतीवर लावा. खुर्च्या तरी वाचतील." आणि अक्का बारदान्यात गेल्या नाहीत.

वाटलं, झालं. पण खरी परीक्षा तर पुढंच होती.

संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी बापूसाहेब आमच्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि अक्कांशी फार गोड बोलायला लागले. अक्कांचे दीर शिवलिंगअप्पा दीड एकर उसाचे मालक. त्यांचा नंबर मार्चमध्ये येत होता. "अक्का, उसाला तुरे आलेत म्हणं. बघवत न्हाई हो. तुमच्यासाठी कुणी काहीच करायचं न्हाई व्हय? तुमी फकस्त सकाळी तासभर लाईन बंद ठिवायची. यादी कागदावर जाईल. अप्पाचा ऊस उद्याच गाळून टाकू." बाकी कुणाकुणाचा ऊस त्या तासाभरात गाळला जाणार होता, ते त्यांनी सांगितलं नाही.

अक्कांनी ऐकून घेतलं. डोळे मिटून, अगदी शेवटपर्यंत. मग माझ्या टेबलावरचा फोन पुढं ओढला, अकरा फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्यापुढं केला.

"धरा हं, जोडते. चेअरमनसायबांनाच सांगा. ते म्हणले तर बंद ठिवते."

बापूसाहेब एवढ्या घाईनं उठले की टोपी टेबलावरच राहिली. ती दुपारी दगडूमामा नेऊन देऊन आले. मी तर पोट धरून हसलो. अक्का हसल्या नाहीत.

त्या का हसल्या नाहीत ते मला पंधरा दिवसांनी कळलं. डबा उघडला होता, पण भाकरी तशीच. "ऊस वाळायलाय, सत्तावीस," त्या म्हणाल्या. "घरात कुणी बोलंना. जाऊ तोंड फिरवती. दीर म्हणले, वैनी, तुमच्या हातात व्हतं." आणि रडल्या. वीस वर्षं सगळ्यांचं सगळं ऐकलेली बाई, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, मी बदलतो नंबर. दोन मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग बापूसायब काय वाईट व्हते?"

ऊस मार्चमध्येच गेला. वजनाला निम्मा भरला.

पुढच्या हंगामात शिवलिंगअप्पांनी उसाची लागण वेळेवर केली होती आणि बापूसाहेबांचं खातं बदललं होतं. दिवाळीनंतर एका सकाळी मी काट्याकडे जात होतो. भिंतीपाशी यादी वाचायला गर्दी होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांना अक्का नंबर वाचून दाखवत होत्या. गर्दीत अप्पा उभे होते. त्यांनी वहिनीला विचारलं नाही. बोट ठेवत ठेवत स्वतःच वाचलं. एका मोठ्या पुढाऱ्याच्या मेहुण्याच्या वरती त्यांचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग वळून म्हणाले, "वैनी, सांजच्याला लवकर या घरी. पोरं वाट बघायलीत." अक्का नुसतं "व्हय" म्हणाल्या आणि पुढच्या माणसाचा नंबर वाचू लागल्या. पण चष्मा नाकावरून इतका घसरला होता की त्यांना त्यातलं काही दिसत असेल असं मला वाटत नाही.

त्या निवृत्त झाल्यावर एकदाच भेट झाली. मी परळीला चाललो होतो, एसटी सिरसाळ्याला थांबली. नवऱ्याच्या किराणा दुकानाला लागून काचेची केबिन आणि वर पिवळी पाटी. आत कोण असणार? मी उतरलो.

"या, सत्तावीस!" चष्म्याच्या काडीला दोरा तोच. केबिनबाहेर एक म्हातारी बसली होती. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर गेलेले, सुनेचे दिवस भरलेले, आणि चार दिवस खबर नाही. त्या कारखान्याच्या बोर्डावर अजून एक बाई होती आणि अक्का तिला आवाजावरून ओळखत होत्या. "तिला सांगितलंय. तोडकऱ्यांच्या तळावर माणूस पाठवून पोराला फोनवर बलवायलीय." रिसीव्हर कानाला लावूनच त्या माझ्याशी बोलत होत्या. "चौतीस बोलतंय का आजून?"

कारखान्यात तोवर नवी पोरं आली होती. माझं मधलं यंत्र भंगारात गेलं होतं, केबल बदलली होती, सगळं नवं झालं होतं. पण काट्याच्या यंत्राचा नंबर चौतीसच होता. का, ते त्या पोरांना माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणायची, पहिल्यापासून हाच आहे सर.

"बोलतंय, अक्का. सकाळीच हाक मारून आलो."

"आन् यादी?"

"भिंतीवर."

त्यांनी मान हलवली. एवढ्यात पलीकडून काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी मला बोटानं गप्प केलं आणि डोळे मिटले. माझ्या एसटीनं हॉर्न दिला. मी निघालो. पायरीवर पाय ठेवून मागं बघितलं, तर अक्का म्हातारीला आत ओढून घेत होत्या, तिचा पदर कानावरून बाजूला सारून रिसीव्हर नीट लावून देत होत्या.

"धरा आज्जी," त्या म्हणाल्या, "जोडलं. नात झाली तुमाला."